होसे वास्कोन्सेलोस : विद्वान आणि निवडणूक

निवडणुकीतील अशांततेचा विचार करताना आपले लक्ष पक्ष, सैन्य आणि जमाव यांच्याकडे जाते. विद्वानांची भूमिका मात्र दुर्लक्षित राहते. या दृष्टीने मेक्सिकोचे तत्त्वचिंतक होसे वास्कोन्सेलोस यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म 1882 मध्ये ओआहाका येथे झाला. व्यवसायाने वकील असलेले वास्कोन्सेलोस 1920 मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाचे प्रमुख आणि 1921 मध्ये शिक्षणमंत्री झाले. ग्रामीण शाळा, ग्रंथालये, अभिजात ग्रंथांच्या आवृत्त्या आणि सार्वजनिक इमारतींवरील भित्तिचित्रे हे त्यांच्या कारकिर्दीचे फलित होय. भारतीय तत्त्वज्ञानावरही त्यांनी ग्रंथ लिहिला.

1928 मध्ये नवनिर्वाचित अध्यक्ष ओब्रेगोन यांची हत्या झाली आणि पुढील वर्षी नव्याने निवडणूक घ्यावी लागली. माजी अध्यक्ष काय्येस यांच्या पक्षाने ओर्तिस रुबिओ यांना उभे केले. त्यांच्या विरोधात वास्कोन्सेलोस उभे राहिले. विद्यार्थ्यांबरोबरच, मताधिकार नसलेल्या स्त्रियाही त्यांच्या प्रचारात हिरिरीने उतरल्या. प्रचारसभांवर हल्ले झाले. राजधानीत हेर्मान दे काम्पो हा विद्यार्थी-वक्ता गोळीला बळी पडला. 17 नोव्हेंबर 1929 रोजी मतदान झाले. अधिकृत निकालात ओर्तिस रुबिओ यांना 90 टक्क्यांहून अधिक, तर वास्कोन्सेलोस यांना सुमारे 5 टक्के मते दाखविण्यात आली. गैरप्रकारांची त्यांची तक्रार निराधार नव्हती.

येथून पुढचा भाग लक्षपूर्वक वाचा. डिसेंबरमध्ये ग्वायमासच्या जाहीरनाम्याद्वारे उठावाचे आवाहन करून वास्कोन्सेलोस स्वतः अमेरिकेत गेले. व्यापक उठाव झालाच नाही. 1930 च्या प्रारंभी नव्या अध्यक्षांवर गोळीबार झाला. त्यानंतर वास्कोन्सेलोस यांच्या अनेक अनुयायांना पकडून सैनिकांनी तोपिलेहो येथे ठार मारले. देश सोडण्याचा मार्ग नेत्याला मोकळा होता, अनुयायांना नव्हता. पुढे लोकशाहीवरील त्यांचा विश्वासच उडाला आणि 1940 मध्ये ते नाझीधार्जिण्या नियतकालिकाचे संपादक झाले. 1959 मध्ये त्यांचे निधन झाले.

हिंसेची मुख्य जबाबदारी सत्ताधाऱ्यांचीच होती, हे विसरता येत नाही. तरीही विद्वानाच्या शब्दावर तरुणांचा विशेष विश्वास असतो आणि त्या विश्वासाबरोबर उत्तरदायित्वही येते. अन्यायी निकालाला विरोध करणे आणि त्या विरोधाची किंमत इतरांना मोजावयास लावणे, यांतील सीमारेषा कोठे असावी, याचा विचार आपण स्वतः करावा.