कुंभारणीच्या घराला खिडकी पाडणारा शास्त्रज्ञ

पावसाळा सरला की खिडकीच्या चौकटीला, भिंतीच्या कोपऱ्यात किंवा विजेच्या बटणामागे मातीचे एखादे चिमुकले गाडगे चिकटलेले दिसते. कुंभारीण माशीचे हे घर. फोडले तर आत अळ्या सापडतात. न फोडता तसेच ठेवले तर काही दिवसांनी त्यातून अळी नव्हे, कुंभारीणच बाहेर पडते. यावरूनच आपल्या संतसाहित्यात कीटक-भृंगीचा दृष्टान्त आला. भृंगीने कोंडलेला कीटक तिचाच ध्यास घेतो आणि शेवटी भृंगी होतो. ध्यासाचे बळ समजावून सांगायला हा दृष्टान्त चपखल आहे. मात्र त्या बंद घरात प्रत्यक्षात काय घडते, हे एका फ्रेंच शाळामास्तराने घराला चाकूने खिडकी पाडून पाहिले. त्यांचे नाव झाँ-आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३मध्ये दक्षिण फ्रान्समधील सँ-लेआँ या खेड्यात, गरीब कुटुंबात झाला. लहानपणी एकदा माळावर भटकताना दगडाआड त्यांना पक्ष्याचे घरटे दिसले. आत निळीशार अंडी होती. त्यातले एक त्यांनी शेवाळात गुंडाळून घेतले. वाटेत भेटलेल्या पाद्रीबाबांनी त्या पक्ष्याचे नाव सांगितले आणि पुन्हा घरटे न लुटण्याचे वचनही घेतले. पाखरांना आणि झाडांना आपापली नावे असतात, कोणीतरी ती अभ्यासून ठेवली आहेत, हे त्या मुलाला तेव्हा प्रथम कळले.

वडिलांचे धंदे बुडत गेले. शाळा सुटली, पोटासाठी मिळेल ते काम करावे लागले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी आव्हिन्याँच्या अध्यापक विद्यालयात शिक्षण घेतले आणि कार्पांत्रास येथे शिक्षकाची नोकरी धरली. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे सारे त्यांनी बहुतांशी एकट्याने, रात्री जागून आत्मसात केले. १८४९मध्ये कॉर्सिका बेटावर भौतिकशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली. तिथे हिवतापाने त्यांना गाठले. हिवताप डासांमुळे पसरतो हे कळायला तेव्हा अजून जवळपास अर्धे शतक होते. तापाने खंगलेले फाब्र मुख्य भूमीवर परतले आणि आव्हिन्याँच्या शाळेत रुजू झाले.

तिथे एका रात्री लेआँ द्युफूर या डॉक्टर-कीटकतज्ज्ञांचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. एक जातीची गांधीलमाशी बिळात भुंगेरे साठवते आणि ते अनेक दिवस कुजत नाहीत, असे त्यात होते. माशी त्यांच्यात मृतदेह टिकवणारे काही द्रव्य सोडत असावी, असा द्युफूर यांचा तर्क होता. फाब्र यांनी स्वतः बिळे उकरली. त्यांच्याकडच्या माशीची शिकार होती सोंडकिडे. बाहेर काढलेले किडे मेलेले नव्हतेच. ते विष्ठा टाकत होते, विजेचा सौम्य झटका दिला की अंग आखडत होते. म्हणजे त्यांना लकवा झाला होता. माशीचा डंख छातीखालच्या नेमक्या जागी बसत होता, जिथे हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी एकवटलेल्या असतात. खात्री करण्यासाठी फाब्र यांनी टोकदार निबाने त्याच जागी अमोनियाचा कण सोडला. किडे तसेच लुळे पडले आणि बरेच दिवस ताजे राहिले. १८५५मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याला प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राचा पुरस्कार दिला. शस्त्रक्रियेत भूल देण्याची पद्धत तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होती.

हा सगळा खटाटोप माशी करते ती एका अंड्यासाठी. अंड्यातून निघणाऱ्या अळीला ताजे अन्न हवे आणि ते अन्न हलले तर नाजूक अंडे चिरडण्याची भीती. कुंभारणीच्या घरात ही अडचण जास्तच मोठी, कारण तिने डंख मारलेल्या अळ्या पूर्ण लुळ्या पडत नाहीत, वळवळत राहतात. मग अंडे सुरक्षित राहते कसे? घर फोडले की सारे विस्कटत असे. म्हणून फाब्र यांनी घराच्या कुशीत हळूच खिडकी पाडली आणि आत डोकावले. अंडे घुमटाच्या छताला एका बारीक धाग्याने टांगलेले होते. त्यातून निघालेली अळीही त्याच धाग्याला खाली डोके करून लटकते आणि खालच्या ढिगातला घास घेते. ढिगात वळवळ झाली की वर सरकते. अंगात बळ आले की मगच खाली उतरते. कोंडलेल्या अळ्या भृंगी होत नव्हत्या. त्या भृंगीच्या बाळाचा शिधा होत्या.

दुसऱ्या एका जातीत फाब्र यांना दिसले की अळी भक्ष्याला एका ठराविक जागेपासूनच खायला लागते, आणि जगण्यास आवश्यक असे अवयव शेवटी खाते. त्यांनी अळीचे तोंड मुद्दाम भलत्या जागी लावले. भक्ष्य लवकर मेले, कुजले आणि अळीही दगावली. अंडे कुठे चिकटवायचे, यावर पिलाचे जगणे-मरणे ठरत होते.

१८६५च्या सुमारास लुई पाश्चर आव्हिन्याँला त्यांच्याकडे आले. रेशीमकिड्यांच्या साथीने दक्षिण फ्रान्समधील शेतकरी हवालदिल झाले होते आणि तिचा छडा लावण्याचे काम पाश्चर यांच्यावर होते. गंमत म्हणजे रेशमाचा कोष त्यांनी तोवर पाहिलाही नव्हता. तो कानाशी हलवून आत काय वाजते, असे ते विचारत होते. फाब्र आधी चकित झाले. पुढे मात्र त्यांनी यातून धडा घेतला की विषयाला कोऱ्या मनाने भिडणे हीही एक ताकद असते. अंडी घालून झालेल्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची आणि ती रोगट निघाली तर तिची अंडी नष्ट करायची, ही पाश्चर यांची पद्धत होती. आपल्याकडे रेशीम शेतकऱ्यांना मिळणारे रोगमुक्त अंडीपुंज आजही याच तत्त्वावर तयार होतात.

फाब्र यांच्या वाट्याला मात्र सुख कमीच आले. मंजिष्ठेच्या मुळांपासून शुद्ध रंग काढण्यात त्यांनी वर्षे घालवली. यश दिसू लागले तोच जर्मनीत तो रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि मेहनत पाण्यात गेली. प्रौढांच्या वर्गात मुलींसमोर फुलांच्या फलनाविषयी शिकवले म्हणून धर्ममार्तंड खवळले. नोकरी गेली, राहते घरही सोडावे लागले. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी तेव्हा उसने पैसे दिले. १८७७मध्ये कीटक शोधायला सतत सोबत असणारा मुलगा झ्यूल सोळाव्या वर्षी वारला. नव्याने सापडलेल्या काही गांधीलमाश्यांना फाब्र यांनी त्याचे नाव दिले.

त्यानंतर वर्षभरात त्यांना न्यूमोनिया झाला. प्रतिजैविके नव्हती, रोगी अनेकदा हातचा जाई. फाब्र यांनीही आशा सोडली होती. शेवटचे डोळे भरून पाहावे म्हणून त्यांनी मुलाला जमिनीत थंडीने गारठून पडलेल्या मधमाश्या आणायला सांगितल्या. खोलीच्या उबेने त्या एकेक करून हलू लागल्या. फाब्र अंथरुणातून ते निरखत राहिले आणि बरेही झाले.

१८७९मध्ये त्यांनी सेरिन्याँ गावाजवळ एक खडकाळ, पडीक जमीन विकत घेतली. पिकाला निरुपयोगी, पण गांधीलमाश्यांना आणि रानमधमाश्यांना हवी तशी. तिथेच पुढची ३६ वर्षे गेली. कीटकांवरील त्यांच्या आठवणींचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात निघाले. त्यात शेणकिड्याची गोष्ट आहे. तो अंडे नक्की कुठे घालतो, हे समजायला त्यांना सुमारे चाळीस वर्षे लागली. शेवटी जमिनीखाली नासपतीच्या आकाराचा शेणगोळा मिळाला. अंडे त्याच्या निमुळत्या मानेत होते, जिथे हवा पोहोचते.

निळ्या माशीवरचे त्यांचे प्रयोग तर प्रत्येक घराच्या उपयोगाचे. मेलेल्या पाखराच्या चोचीत, डोळ्यांत माशी अंडी घालते. डोके कागदाने झाकले की ती अखंड कातडी सोडून थेट छऱ्याची जखम शोधते. कागदात गुंडाळलेल्या मांसाला मात्र तिचा उपद्रव होत नाही. उघड्या जखमेत, बेशुद्ध रुग्णाच्या नाकातोंडात आजही अळ्या पडतात त्या अशाच. जखम स्वच्छ करून झाकून ठेवणे, हाच त्यावरचा पहिला उपाय.

फाब्र सगळीकडे बरोबर होते असे नाही. कीटकांची सहजप्रवृत्ती आरंभापासून परिपूर्ण आहे, असे मानून त्यांनी उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत नाकारला. तरी डार्विन यांनी त्यांच्या निरीक्षणांची मोकळ्या मनाने तारीफ केली आणि दोघांत पत्रव्यवहारही झाला. मत चुकले, पण पाहिलेले चुकले नाही, म्हणून ते इतरांच्या उपयोगी पडले.

उतारवयात नजर मंदावली, तेव्हा धाकटा मुलगा पॉल कॅमेरा घेऊन उभा राहिला. त्याने टिपलेली कीटकांची, घरट्यांची छायाचित्रे पुढे वडिलांच्या ग्रंथांत छापली गेली. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, ९१व्या वर्षी फाब्र यांचे निधन झाले. ते पडीक रान आज फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे आहे. आपल्या खिडकीतले मातीचे गाडगे पुढच्या साफसफाईत खरवडून टाकण्यापूर्वी चार दिवस तसेच राहू द्यायला हरकत नाही. कुंभारीण सहसा वाटेला गेल्याशिवाय डसत नाही, आणि त्या छताला कदाचित एक अंडे टांगलेले असेल.