वसाहतींना वेगळेपणाची वाट दाखविणारे लेखक : थॉमस पेन

शालेय इतिहासात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा बहुधा चहाच्या पेट्यांपासून सुरू होतो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या, ब्रिटिश संसदेने कडक कायदे केले आणि ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. सातवी-आठवीतील एखादा चौकस विद्यार्थी येथे शिक्षकांना अडवू शकतो. तक्रार कराची होती, तर कर रद्द करून घ्यावा. राज्यच वेगळे करण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. १७६५ चा मुद्रांक कर वसाहतींच्या विरोधामुळे पुढच्याच वर्षी मागे घेण्यात आला होता आणि तेवढ्याने लोक बरेचसे शांतही झाले होते. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रातून उलगडते, ते थॉमस पेन पाठ्यपुस्तकात आलेच तर एखाद्या ओळीपुरते येतात.

पेन यांचा जन्म १७३७ मध्ये इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील थेटफर्ड या गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे, तर आई अँग्लिकन होती. वडिलांचा व्यवसाय स्त्रियांचे कॉर्सेट शिवण्याचा होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि पेन वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे म्हणजे अपयशाची मालिकाच होती. काही काळ त्यांनी खासगी युद्धनौकेवर काम केले. लग्नानंतर वर्षभरातच पत्नीचे निधन झाले. अबकारी खात्यात मिळालेली नोकरी १७६५ मध्ये गेली, तेव्हा लंडनमध्ये त्यांनी शिक्षकाचे काम केले. पुढे नोकरी परत मिळून ससेक्समधील ल्यूइस येथे नेमणूक झाली. तेथे असताना अबकारी कर्मचाऱ्यांचे वेतन वाढवावे यासाठी त्यांनी संसदेपुढे मांडण्याकरिता एक निवेदन लिहिले. वेतन वाढले नाहीच. १७७४ मध्ये त्यांची नोकरी मात्र दुसऱ्यांदा गेली. त्याच वर्षी दुसरी पत्नीही विभक्त झाली.

लंडनमध्ये त्यांची गाठ बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी पडली. फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन पेन १७७४ च्या नोव्हेंबरअखेरीस फिलाडेल्फियास पोहोचले, तेव्हा ते तापाने इतके आजारी होते की त्यांना उचलून किनाऱ्यावर न्यावे लागले. काही महिन्यांतच ते पेनसिल्व्हेनिया मॅगझिन या मासिकाचे संपादन करू लागले. भारतीय वाचकांनी येथे एक नोंद अवश्य घ्यावी. १७७५ च्या मार्चमध्ये या मासिकात रॉबर्ट क्लाइव्ह यांच्या जीवन-मरणावर एक लेख प्रसिद्ध झाला. तो पेन यांचाच मानला जातो. हिंदुस्थानात क्लाइव्ह यांनी मिळविलेली अमाप संपत्ती, तिच्यामागची लूट आणि त्यांचा दुःखद अंत हा त्याचा विषय होता. बंगालमध्ये जी कंपनी राज्य करीत होती, तिचाच चहा बोस्टनमध्ये बुडाला होता, हा संबंध पेन यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड येथे गोळीबार होऊन युद्धास तोंड फुटले. तरीही स्वातंत्र्याची भाषा फारच थोडे लोक बोलत होते. वसाहतींच्या काँग्रेसने जुलैमध्ये तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठविला. वाईट आहे ते मंत्रिमंडळ आणि संसद, राजा मात्र न्यायी आहे, अशी बहुतेकांची समजूत होती. राजाने तो अर्ज स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर घोषित केले.

अशा वेळी, १० जानेवारी १७७६ रोजी, कॉमन सेन्स ही सुमारे पन्नास पानांची पुस्तिका फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाली. हे नाव बेंजामिन रश या वैद्यांनी सुचविले होते. लेखकाचे नाव छापलेले नव्हते. पेन यांनी कराच्या हिशेबात वेळ घालविला नाही. त्यांनी थेट राजपदालाच हात घातला. एका माणसाने केवळ जन्माच्या बळावर लाखोंवर राज्य का करावे, आणि दूरच्या एका लहान बेटाने अवघ्या खंडाचा कारभार कशासाठी पाहावा, असे त्यांनी विचारले. इंग्लंडशी जोडलेले राहिल्याने युरोपातील प्रत्येक युद्ध आपल्या दारी येते आणि आपला व्यापार बुडतो, हा व्यवहारी मुद्दाही त्यांनी मांडला. भाषा शेतकऱ्याला आणि कारागिराला कळेल अशी होती. दाखले लॅटिन ग्रंथांतले नव्हते, घरोघरी वाचल्या जाणाऱ्या बायबलमधले होते. चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. कर रद्द झाला तरी तो पुन्हा बसविण्याचा अधिकार राजाकडे आणि संसदेकडे राहतोच, हे लोकांना या पुस्तिकेने पटविले.

तिच्या खपाचे लाखाच्या पुढचे आकडे सांगितले जातात. अलीकडील अभ्यासकांना ते अतिशयोक्त वाटतात. मात्र तेरा वसाहतींची लोकसंख्या अवघी पंचवीस लाखांच्या आसपास असताना वर्षभरात तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि चौकाचौकांत तिचे वाचन झाले, हे निर्विवाद आहे. आपल्या वाट्याचा नफा सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देण्याचे पेन यांनी ठरविले होते.

त्याच वर्षअखेरीस वॉशिंग्टन यांचे सैन्य माघार घेत असताना पेन यांनी अमेरिकन क्रायसिस या लेखमालेचा पहिला भाग लिहिला. नाताळच्या रात्री डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर चाल करण्यापूर्वी तो सैनिकांना वाचून दाखविण्यात आला, असे सांगतात. १७८० मध्ये पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा केला, तेव्हा पेन तेथील विधिमंडळाचे चिटणीस होते.

स्वतंत्र राष्ट्राचा मानकरी म्हणून ते सुखाने राहू शकले असते. न्यूयॉर्क राज्याने त्यांना न्यू रोशेल येथे शेतजमीनही दिली होती. पण अमेरिकेला विचारलेला प्रश्न त्यांनी मायदेशालाही विचारला. राइट्स ऑफ मॅन या ग्रंथाचे दोन भाग १७९१ आणि १७९२ मध्ये निघाले. दुसऱ्या भागात वृद्धांसाठी निवृत्तिवेतन आणि गरीब घरांतील चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे शिक्षणासाठी वर्षाला चार पौंड अशी योजना होती. ब्रिटिश सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. पेन फ्रान्सला निघून गेले आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यांना दोषी ठरविण्यात आले. हाच ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुले यांच्या वाचनात आला. पुढे १८७३ मध्ये फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला.

फ्रान्समध्ये पेन नॅशनल कन्व्हेन्शनवर निवडून आले. फ्रेंच त्यांना जेमतेम येत होते. राजपदाचा हा कट्टर विरोधक सोळाव्या लुईच्या फाशीच्या मात्र विरोधात उभा राहिला. राजाला अमेरिकेत हद्दपार करावे, असे त्यांनी सुचविले. १७९३ च्या डिसेंबरअखेर त्यांना लक्झेंबर्ग तुरुंगात टाकण्यात आले. गिलोटिनसाठी निवडलेल्यांच्या दारावर खडूची खूण केली जाई. त्यांच्या खोलीचे दार बाहेरच्या बाजूस उघडे असताना खूण आतील बाजूवर पडली आणि दार लागल्यावर ती दिसेनाशी झाली, अशी हकीकत त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. अमेरिकेचे राजदूत जेम्स मन्रो यांच्या प्रयत्नांनी १७९४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

याच काळात प्रसिद्ध झालेल्या एज ऑफ रीझनमध्ये त्यांनी संघटित धर्मसंस्थेवर टीका केली आणि अमेरिकेतील उरलीसुरली लोकप्रियता गमावली. वॉशिंग्टन यांच्यावरही त्यांनी जाहीर पत्रातून कडवट टीका केली. तुरुंगात असताना वॉशिंग्टन यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले, ही सल त्यामागे होती. १८०२ मध्ये ते अमेरिकेत परतले, तेव्हा जुन्या मित्रांपैकी अनेकांनी तोंड फिरविले. १८०६ मध्ये न्यू रोशेलच्या मतदान केंद्रावर तेथील अधिकाऱ्यांनी, हे अमेरिकेचे नागरिक नाहीत असे सांगून, त्यांना मत देऊ दिले नाही.

८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारल्याने त्यांना न्यू रोशेलच्या शेतातच मूठमाती देण्यात आली. त्या वेळी मोजकीच माणसे हजर होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने इंग्लंडमध्ये त्यांचे भव्य स्मारक उभारण्याच्या उद्देशाने त्यांच्या अस्थी उकरून नेल्या. स्मारक काही झाले नाही. १८३५ मध्ये कॉबेट यांचे निधन झाल्यानंतर त्या अस्थी कोठे गेल्या, याचा पत्ता आजवर लागलेला नाही.