फादर स्टीफन्स व देहधारी ख्रिस्त

मसुऱ्याकडील खेड्यांत जत्रेच्या रात्रीं दशावतारी खेळ होतात, आणि ख्रिस्ती झालेल्या माणसास शेजारी सहज विचारतो कीं, तुमचा येशू हा अकरावा अवतार कीं काय? प्रश्न थट्टेचा नसतो. याच किनाऱ्यावर, गोव्यांत, चारशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं लोकांच्या भाषेंत ख्रिस्त सांगितला, त्या थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र म्हणून आम्ही येथें देतों.

ते इंग्लंडांत सुमारें १५४९ सालीं जन्मले. येशूसंघांत शिरून १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरले व पुढील ४० वर्षें बहुतेक साष्टी प्रांतांत राहिले. ते रोमी पंथाचे. त्यांच्या व आमच्या मतांत अंतर आहे, तें लपविण्याचें कारण नाहीं. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, त्या प्रांतांतील देवळें फिरंगी सत्तेनें १५६७ सालीं पाडलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें लोकांनीं पांच येशूसंघीयांस ठार मारिलें. तरवारीच्या सावलींत सांगितलेली सुवार्ता कोणाच्या काळजास भिडावी?

स्टीफन्स यांनीं निराळी वाट धरिली. ते लोकांची बोली शिकले, तिचें व्याकरण रचिलें, आणि मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलें. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून १६१६ सालीं तें रोमी अक्षरांत छापिलें. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें, यावर आमच्यांतील कांहीं बंधु नाक मुरडतील. परंतु जो प्रभु सुताराच्या घरीं वाढला व गालीलांतील कोळ्यांची बोली बोलला, त्याची कथा कोंकणच्या घरांत परक्या बोलींत कां शिरावी?

आतां शेजाऱ्याचा प्रश्न. दशावतारी पात्र पहाटे मुकुट उतरवितें, रंग धुतें व आपल्या घरीं जातें. ख्रिस्ताचा देह खेळापुरता नव्हता. त्यानें भूक, थकवा, मित्रांचा त्याग व मरण खरोखर सोसलें. आणि पुनः उठल्यावरही खिळ्यांचे वण त्याच्या हातांवर राहिले. त्यानें घेतलेलें मनुष्यपण टाकिलें नाहीं. तापानें फणफणलेलें लेंकरूं मांडीवर घेऊन बसलेली आई त्याची प्रार्थना करिते, तेव्हां दुःख म्हणजे काय हें तिला त्यास समजावून सांगावें लागत नाहीं. दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वर या एकाच जीवनास दिले, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

स्टीफन्स १६१९ सालीं गोव्यासच वारले. १६८४ सालीं फिरंगी सरकारानें देशी भाषा बंद करण्याचा हुकूम काढिला. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती आज एकही उरली नाहीं अशा नाहींशा झाल्या. हातानें उतरलेल्या प्रती मात्र ख्रिस्ती घरांत टिकल्या, व त्यांवरून १९०७ सालीं तें मंगळूरास पुनः छापलें गेलें. पुढें अमेरिकन मराठी मिशनचे आबट साहेब यांस लंडनच्या एका संग्रहांत त्याचीच देवनागरी अक्षरांतील प्रत आढळली.