ज्यूल व्हर्न : घरोघरी पोचलेला प्रवासी

प्रकाशक पुस्तक दुकानापर्यंत नेतो. तेथून पुढे ते घरोघरी नेण्याचे काम वाचकच करतात. वाचलेले दुसऱ्याला सांगितल्यावाचून ज्यांना राहवत नाही, अशा वाचकांच्या बळावर एखादा लेखक किती दूर जाऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ज्यूल व्हर्न. विज्ञानकथेच्या जनकांत त्याची गणना होते. त्याचे चरित्र मला या दृष्टीनेच सांगावेसे वाटते.

ज्यूल व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी झाला. वडील वकील होते. मुलानेही वकील व्हावे म्हणून त्यांनी त्याला पॅरिसला पाठवले. त्याने कायद्याची परीक्षा दिली खरी, पण मन रमले नाटकांत. १८५७ मध्ये लग्न झाले आणि संसारासाठी त्याला शेअरबाजारात नोकरी धरावी लागली. तरीही लेखन आणि ग्रंथालयात बसून भूगोल-विज्ञानाची टिपणे काढणे त्याने सोडले नाही.

१८६३ मध्ये बलूनमधून आफ्रिका ओलांडणाऱ्या प्रवाशांची त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याचे नशीब पालटले. तिचा प्रकाशक एत्झेल मोठा कल्पक माणूस होता. पुढच्याच वर्षी त्याने घरातल्या लहानथोरांनी मिळून वाचावे असे एक नियतकालिक काढले. व्हर्नची कादंबरी बहुधा आधी क्रमशः छापली जाई, नंतर तिचे लहानसे स्वस्त पुस्तक निघे आणि शेवटी नववर्षाच्या भेटीसाठी चित्रांनी सजलेली, सोनेरी नक्षीच्या कापडी बांधणीची मोठी आवृत्ती येई. ‘अद्भुत प्रवास’ अशा अर्थाच्या नावाने ही माला निघाली आणि तीत पन्नासहून अधिक कादंबऱ्या आल्या. पृथ्वीच्या पोटात, चंद्राकडे, समुद्राच्या तळाशी असे हे प्रवास. क्रमशः वाचलेली गोष्ट आपल्या घरी कायमची असावी, ही वाचकाची ओढ एत्झेलने बरोबर ओळखली होती.

१८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पॅरिसच्या ‘ल ताँ’ या दैनिकात ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगची कथा येऊ लागली. कथेतल्या तारखा त्याच दिवसांतल्या असल्याने अनेकांना तो प्रवास खराच वाटला आणि फॉग वेळेवर पोचतो की नाही यावर पैजा लागल्या, असे सांगतात. पुढे १८८९ मध्ये नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार तरुणी फॉगला हरवण्यासाठी निघाली. वाटेत ती आमियां येथे व्हर्नला भेटली आणि तिने ७२ दिवसांत प्रदक्षिणा पुरी केली. जाहिरातदाराला जे जमले नसते ते एका वाचक मुलीने केले!

हा फॉग आपल्या मुंबईतही उतरतो. त्याचा नोकर मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाता खाता वाचतो. मग आगगाडी कल्याणवरून घाट चढून नाशिक, खानदेश, बुऱ्हाणपूर अशी धावते. पुढे लोहमार्गच संपतो आणि हत्ती विकत घ्यावा लागतो. वास्तविक मुंबईची गाडी जबलपूरमार्गे १८७० मध्येच अलाहाबादपर्यंत जोडली गेली होती. व्हर्न भारतात कधी आला नव्हता, त्याचा भारत हा वाचलेला आणि ऐकलेला भारत होता.

तसाच त्याचा कॅप्टन नीमो. ‘नॉटिलस’ ही पाणबुडी घेऊन समुद्रात एकाकी राहणारा हा पुरुष व्हर्नच्या मनात प्रथम रशियाच्या झारने छळलेला पोलिश सरदार होता. पण रशियातला खप बुडेल या भीतीने एत्झेलने ते मान्य केले नाही, आणि पहिल्या कादंबरीत नीमोचे कूळ गुप्तच राहिले. १८७५ मध्ये पुऱ्या झालेल्या दुसऱ्या कादंबरीत ते उलगडले. नीमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, १८५७ च्या संग्रामात लढून सर्वस्व गमावलेला! याच लेखकाने १८८० मध्ये दुसऱ्या एका कादंबरीत नानासाहेब पेशव्यांना मात्र खलपुरुष केले, हेही विसरता येत नाही.

व्हर्नचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १८८६ च्या मार्चमध्ये मनोरुग्ण पुतण्याने त्याच्यावर पिस्तूल झाडले आणि तो जन्माचा लंगडा झाला. त्याच महिन्यात एत्झेल वारला. फ्रेंच अकादमीने व्हर्नला कधीच आपल्यात घेतले नाही. मुलांचा लेखक म्हणून विद्वानांनी त्याला बाजूलाच ठेवले. २४ मार्च १९०५ रोजी आमियां येथे त्याचा मृत्यू झाला. विद्वानांनी दूर ठेवलेल्या या लेखकाला वाचकांनी मात्र देशोदेशी नेले.

मराठी घरांत त्याला आणले ते मुख्यतः भा. रा. भागवतांनी. १९१० साली इंदूरला जन्मलेल्या आणि २००१ मध्ये निवर्तलेल्या भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा पुस्तकांतून व्हर्नला मराठीत बोलते केले. फुरसुंगीचा फास्टर फेणे ज्यांनी दिला तेच हे भागवत. प्रथम ते व्हर्नचे चाहते आणि मग अनुवादक, असे त्यांची भाषा वाचताना जाणवते.

आमच्या मुळशी भागात ही पुस्तके दुकानांतून आली नाहीत. माझ्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. व्हर्नचे नाव मी प्रथम ऐकले ते पौडला जाणाऱ्या एस.टी.त, एका मैत्रिणीच्या तोंडून. तिने पाणबुडीची गोष्ट अर्ध्यावर आणून सोडली, आणि उरलेली वाचण्यासाठी मी तिच्याकडून मुखपृष्ठ नसलेली प्रत मागून घेतली. ती तिचीही नव्हती. रात्री मी ती कथा घरात मोठ्याने वाचू लागले. आजीला अक्षरओळख नाही. तिच्या वडिलांचे गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेले आहे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले, तेच हे धरण. नीमोच्या काचेच्या खिडकीतून समुद्रतळ दिसतो हे ऐकून आजीने विचारले की, तसली होडी आपल्या धरणात घातली तर वडिलांच्या गावचे देऊळ दिसेल का? मला उत्तर देता आले नाही. पण पॅरिसच्या एका लेखकाची गोष्ट त्या रात्री आमच्या घरची झाली, एवढे नक्की.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पुस्तकाला वाट दाखवणारे दुसरे कोणी नाही. तेव्हा विद्यार्थिमित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की, ग्रंथालयातून नेलेले पुस्तक स्वतःपुरते वाचून परत करू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवा आणि ज्यांना येते त्यांना अर्धीच गोष्ट सांगा. उरलेली अर्धी ते शोधत येतील.