मोटारीचा कारखाना काढणारे शेठ वालचंद हिराचंद



या महिन्यात प्रत्येकाने एका थोर माणसाची माहिती लिहायची, असे गुरुजींनी सांगितले होते. पुष्कळ मुलांनी राजे घेतले, मुलींनी संत घेतले. मी शेठ वालचंद हिराचंद यांना घेतले. का घेतले ते शेवटी सांगेन.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे आडनाव दोशी. घरात सावकारीचा आणि कापसाचा धंदा होता. आपल्या खानदेशातही कापूस पिकतो, म्हणून मला ते जवळचे वाटले. आई त्यांच्या लहानपणीच वारली. सोलापुरास मॅट्रिक होऊन ते मुंबईला व पुण्याला कॉलेजात गेले, परंतु त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. त्यांना घरच्या धंद्यात बसावे लागले.

पण गादीवर बसून हिशेब लिहिण्यात त्यांचे मन रमेना. त्यांना काहीतरी बांधावेसे वाटे. तेव्हा फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेत कारकून होते. त्यांना काम माहीत होते, पण जवळ पैसे नव्हते. वालचंदांकडे पैसे होते, पण काम माहीत नव्हते. मग दोघांनी भागी केली आणि बार्शीच्या छोट्या रेल्वेचे कंत्राट घेतले. पुढे त्यांनी बोरघाटात डोंगर फोडून रेल्वेचे बोगदे केले. तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणाऱ्या मोठ्या नळाचे काम केले.

नंतर त्यांनी जहाजाचा धंदा धरला. तेव्हा समुद्रावर इंग्रजांच्या कंपन्यांचे राज्य होते. वालचंद आणि त्यांच्या मित्रांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ नावाची बोट विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. म्हणून ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात सागरी दिन म्हणून पाळतात.

आता आपल्या जवळची गोष्ट सांगतो. धुळ्याहून आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघाले की मालेगाव लागते. त्या तालुक्यात रावळगाव आहे. तिथे नुसता खडकाळ माळ होता. १९२३ साली वालचंदांनी तो घेतला, तिथे ऊस लावला आणि १९३३ साली साखर कारखाना काढला. माझी आजी सांगते की तिच्या वेळी रावळगावच्या गोळ्या सगळ्या दुकानांत बरणीत असायच्या. आबा बाजारातून आले की पिशवीत आधी गोळ्या शोधायच्या.

आता मोटारीकडे येतो. त्या वेळी आपल्याकडे मोटारी परदेशातून येत. काही कंपन्या सुटे भाग आणून इथे जोडत. पण आपल्या लोकांचा स्वतःचा कारखाना नव्हता. सर विश्वेश्वरय्या नावाच्या मोठ्या इंजिनियरांनी मुंबईत असा कारखाना काढण्याची योजना तयार केली. हे विश्वेश्वरय्या तरुणपणी आपल्या धुळ्याकडे नोकरीला होते बरं का! पांझरेच्या पाटाच्या कामावर त्यांनी पाइपाचा सायफन बांधला होता. सायफन म्हणजे पाणी एका बाजूने खाली उतरते आणि दुसऱ्या बाजूने आपोआप वर चढते.

वालचंदांनी ही योजना मनावर घेतली. मुंबईचे सरकार मदत करायला तयार झाले, पण १९३९ साली त्या सरकारने राजीनामा दिला. वालचंद त्याच साली अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्ड यांना भेटले. तिथे जमले नाही. तरी ते खचले नाहीत. १९४० साली त्यांनी क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि दिल्लीच्या इंग्रज सरकारने साथ दिली नाही. काम अडून राहिले.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. वालचंदांनी त्याच काळात दुसरी कामे काढली. १९४० साली बंगलोरला म्हैसूर सरकारच्या मदतीने विमानाचा कारखाना सुरू केला. १९४१ साली विशाखापट्टणमला जहाज बांधायच्या कारखान्याची पायाभरणी झाली. १९४८ साली तिथे बांधलेले ‘जलउषा’ जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले.

मोटारीचे काम त्यांनी मध्येच सोडले नाही. १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळाले त्याच साली, तिथून पहिली गाडी बाहेर पडली. फोर्डसाहेबांच्या भेटीपासून मोजले तर आठ वर्षे झाली. मी बोटांवर मोजून पाहिले.

सुरुवातीला गाडीचे पुष्कळ भाग परदेशाचे असत. हळूहळू इथे बनू लागले. याच कारखान्याची फियाट गाडी पुढे ‘पद्मिनी’ नावाने प्रसिद्ध झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी त्याच होत्या. २०२३ सालच्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली.

गाडी चालते कशी, हे मला माझ्या दादाने दाखवले. दादा एका गॅरेजात काम शिकतो. इंजिनात नळीसारखे सिलिंडर असते. त्यात पिस्टन खालीवर होतो. त्याची कामे चार: ओढणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात प्लगची ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबतात की ती खूप तापते, मग डिझेल आत उडाले की आपोआप पेट घेते. सायकलला पंपाने हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसेच. हे इंजिन रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाने शोधले. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते! हे ऐकून आमची माय हसली. ती म्हणाली की इथे भाजीला तेल पुरत नाही.

उसाच्या मळीपासून इथेनॉल करतात. आता पेट्रोलमध्ये शंभर भागांत वीस भागांपर्यंत इथेनॉल मिसळतात. वालचंदांनी ऊसही लावला आणि मोटारही काढली. आज उसाचाच अंश मोटारीत जळतो. मला याची फार गंमत वाटली.

१९४९ साली वालचंदांना मोठा आजार झाला आणि त्यांना कामातून निवृत्त व्हावे लागले. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पद्मिनी त्यांनी पाहिली नाही.

आता मी वालचंदांना का घेतले ते सांगतो. माझा दादा दहावीला गणितात नापास झाला. हे मी दादाला विचारूनच लिहिले आहे. तेव्हापासून तो शाळेकडच्या रस्त्याने येत नाही, मागच्या गल्लीने जातो. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भर असे बाबा म्हणतात, पण तो ऐकत नाही. मी त्याला हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला की वालचंदांनी पण कॉलेज सोडले होते, मग मी कशाला शिकू?

मी दोन दिवस विचार केला. मला असे वाटते, की वालचंदांचे कॉलेज सुटले, पण काम कळत नव्हते तेव्हा त्यांनी फाटकांना बरोबर घेतले. त्यांना लाज वाटली नाही. आणि एका ठिकाणी नाही झाले तर ते दुसऱ्या ठिकाणी गेले, पण ते काम त्यांनी पुन्हा केले. आमच्या दादाला बंद पडलेले इंजिन सुरू करता येते. मग एक पेपर पुन्हा देता येणार नाही का? गणित मी नाही शिकवू शकत, मी चौथीत आहे. पण गुरुजी संध्याकाळी शिकवायला तयार आहेत. मी विचारले आहे.

फॉर्म भरायची मुदत अजून आहे. शनिवारी पालक भित्तिपत्रक बघायला येतील तेव्हा बाबांबरोबर दादाने पण यावे, समोरच्या रस्त्याने यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

माझा लेख येथे संपला. चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, तालुका व जिल्हा धुळे