सेल चार, रंग शून्य! गेमबॉय बनवणाऱ्या गुनपेई योकोईंची गोष्ट

खिशात मावणारा गेमिंग कॉम्प्युटर स्वतः उघडावा, बिघडला तर स्वतः दुरुस्त करावा, असं वाटणाऱ्यांसाठी आज ओपन सोर्स मशिन्स मिळतात. त्यातलंच एक आर्डूबॉय. क्रेडिट कार्डाएवढं, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचं, 8 बिटच्या स्वस्त चिपवर चालणारं. आता एवढ्या जुन्या चिपवर मजा येते का? येते, आणि हे आधी ज्यांनी दाखवून दिलं ते होते गुनपेई योकोई.

योकोईंचा जन्म 1941 चा, जपानमधल्या क्योटोचा. इलेक्ट्रॉनिक्स शिकून 1965 मध्ये ते निन्टेन्डोत लागले. तेव्हा ही कंपनी पत्ते बनवायची आणि योकोईंचं काम होतं पत्त्यांच्या मशिनची देखभाल. रिकाम्या वेळात त्यांनी लांबवर पोहोचणारा, चिमट्यासारखा एक हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. आता नोकरी जाणार असं वाटत असतानाच हुकूम आला, हे खेळणं म्हणून विकायला काढा. 1966 च्या या अल्ट्रा हँडचे 10 लाखांहून जास्त नग खपले.

पुढची कल्पना बुलेट ट्रेनमध्ये सुचली. एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेमुळे तेव्हा एलसीडी आणि चिप स्वस्त झाल्या होत्या. त्यातूनच 1980 मध्ये गेम अँड वॉच आला. 1982 च्या घडीच्या डॉन्की काँगमध्ये उभी दांडी बसवली असती तर झाकण लागलंच नसतं, म्हणून योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण बसवलं. आज जवळपास प्रत्येक गेम कंट्रोलरवर ते असतं.

योकोईंचं सूत्र सोपं होतं. नव्या तंत्रज्ञानामागे धावायचं नाही. जुनं, स्वस्त झालेलं, खोडी माहीत असलेलं तंत्र घ्यायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं.

1989 चा गेमबॉय याच विचाराचा. हिरवट स्क्रीन, चार छटा, मागे लाइट नाही. त्याच वर्षी आलेला अटारी लिंक्स रंगीत होता, पण अमेरिकेत त्याला जवळपास 180 डॉलर पडायचे. गेमबॉय 90 च्या आसपास. पुढच्या वर्षी आलेला सेगाचा रंगीत गेम गिअर सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवायचा, गेमबॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून 11 कोटी 80 लाखांहून जास्त खपले. अर्थात हे यश एकट्याचं नाही. टीममधले सातोरु ओकाडा यांचा वाटाही तितकाच मोठा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. गेमबॉय ओपन सोर्स अजिबात नव्हता. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडू नये म्हणून त्याला वेगळे स्क्रू होते. पण आतली रचना इतकी सुटसुटीत, की हौशी लोक आजही त्याची बॉडी, बटणं आणि स्क्रीन बदलतात. स्क्रीनवर उभ्या रेघा गायब झाल्या तर सोल्डरिंगची गरम इस्त्री पट्टीवरून फिरवून त्या परत आणतात.

1995 मध्ये योकोईंचा व्हर्च्युअल बॉय आला. डोळ्यांना लावायचा, फक्त लाल रंगात दिसणारा. तो वर्षभरही टिकला नाही. ऑगस्ट 1996 मध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडली. या अपयशामुळेच ते गेले असं सर्रास लिहिलं जातं, त्यांनी स्वतः मात्र ते नाकारलं होतं.

मग त्यांनी कोटो ही स्वतःची कंपनी काढली आणि बंदाईसाठी नवं मशिन हाती घेतलं. 4 ऑक्टोबर 1997 ला हायवेवर त्यांच्या गाडीचा अपघात झाला. किती नुकसान झालंय ते बघायला ते खाली उतरले, तेवढ्यात दुसऱ्या गाडीची धडक बसली. वय होतं 56.

ते मशिन, वंडरस्वान, 1999 मध्ये बाजारात आलं. किंमत 4,800 येन, स्क्रीन काळी-पांढरी आणि सेल फक्त एक. त्यावरच्या एका पझल गेमचं नाव ठेवलं गेलं गुनपेई.