उपदेशाचा भाव

विरारनजीकच्या फुलपाड्यांतील आमच्या व्यापारी वाचकांपुढें आज आम्ही एका वाण्याचें चरित्र ठेवितों. देहूचे तुकाराम महाराज सावकारी व महाजनकीच्या घरांत जन्मले. सन १६३० च्या दुष्काळांत त्यांची पत्नी अन्नावांचून गेली, व्यापार बुडाला. पुढें कर्जखतांपैकीं धाकट्या भावाचा वांटा त्यास देऊन आपला वांटा त्यांनीं इंद्रायणींत सोडिला, अशी परंपरा आहे. कीर्तनकारानें द्रव्य तर नाहींच, पण कीर्तनाच्या ठिकाणचें अन्नहि घेऊं नये, असा दंडक त्यांनीं अभंगांत घातला.

दुकानांत मोल घेण्यांत त्यांस दोष दिसला नाहीं. तेथें माल तराजूंत पडतो. उपदेश तोलतां येत नाहीं. आणि ज्याचें द्रव्य घेतलें त्याचे दोष सांगण्यास वक्त्याची जीभ कचरते. कीर्तनकारासहि पोट आहे, हें आम्ही जाणतों. त्याची सोय गांवानें सर्वांनीं मिळून आधींच करावी, म्हणजे तो कोणा एकाचा मिंधा राहणार नाहीं. परंतु मंत्राचे दर सांगणाऱ्या गुरूपुढें थैली सोडण्यापूर्वीं देहूच्या या वाण्याचें स्मरण अवश्य करावें.